गोळी सुरू करताना आणि थांबवताना

(विहाराच्या रौप्यमहोत्सवी वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. समितीच्या सूचनेवरून थोडी भर घालून स्मरणिकेसाठी दिला आहे.)



समितीने आम्हाला सांगितलं, वर्धापन दिनाला दोन शब्द बोला, विषय तुमच्या मनाचा घ्या. आम्ही काही वक्ते नाही. तेव्हा आमच्या घरात जे झालं तेच सांगायचं ठरवलं. आजाराचं नाव नैराश्य. हल्ली शाळेतली पोरंसुद्धा त्याला डिप्रेशन म्हणतात. गोळ्या आमच्या ह्यांनी घेतल्या, पण दुखणं दोघांनी काढलं, म्हणून बोलताना आम्ही 'आम्ही'च म्हणणार. हे इथं शेजारीच बसले आहेत. त्यांच्या संमतीनेच सगळं सांगतो आहोत. काही चुकलं तर ते मध्येच थांबवतील.

हे रेल्वेत कीमन होते हे तुम्हाला ठाऊक आहे. घाटात रुळाच्या कडेने रोज चालायचं, हातोड्याने चाव्या ठोकून बघायच्या, पावसाळ्यात रात्रीची गस्त घालायची. २०१७ साली निवृत्त झाले. विहारात सत्कार झाला, शाल मिळाली. पुढच्या पावसाळ्यात मात्र माणूस हळूहळू विझायला लागला. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण निम्म्यावर आलं. पौर्णिमेच्या वंदनेला येईनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, अंगात कणकण आहे. आम्ही मलेरियाची तपासणी केली, साखर तपासली, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक निघालं. एके रात्री म्हणाले, "मी नसतो तरी तुमचं चाललंच असतं." त्या रात्री आम्हाला कळलं की हे कणकणीचं दुखणं नाही.

तरीसुद्धा डॉक्टरांकडे जायला आम्ही तीन महिने लावले. का? लाज. आपल्या पुणे जिल्ह्यात "याला येरवड्याला पाठवा" हे वाक्य आपण थट्टेत किती सहज बोलतो! प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याला आहे, म्हणून गावाचं नावच शिवी झालं. आम्हीही ती थट्टा केलेली आहे. मग स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच थट्टेने आमचा रस्ता अडवला. दुसरं कारण जरा वेगळं. एक नातेवाईक म्हणाले, "आपण बाबासाहेबांची लेकरं. आपल्याला कसलं डिप्रेशन? मन घट्ट करा." प्रेमाने म्हणाले. पण बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, औषधं आणि पथ्य चालू होतं, आणि माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या मावळात तळेगावला त्यांचा बंगला आहे, देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते सगळं शरीर थकलेलं असतानाच. औषध घेतल्याने त्यांचं मन कमकुवत ठरलं असं कोणी म्हणेल का?

शेवटी जानेवारी २०१९ मध्ये लोकलने पुण्याला गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं. आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारलं. असं विचारल्याने विचार मनात पेरला जातो अशी आमची भीती होती. तसं होत नाही. उलट ह्यांनी पहिल्यांदा मोकळेपणाने "येतात" म्हणून सांगितलं.

गोळी दिली एस्सिटॅलोप्रॅम. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. डॉक्टरांनी तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. पहिली, त्रास आधी होईल आणि गुण नंतर येईल. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, बेचैनी हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं आणि बहुतेकांचं कमी होत जातं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ आठवडेसुद्धा. दुसरी, वयामुळे रक्तातलं सोडियम तपासायचं, कारण साठीच्या पुढे या गोळ्यांनी ते कमी होऊ शकतं. आणि गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तिसरी गोष्ट, बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

तिसरी आम्ही वाचली आणि विसरलो.

पहिले दहा दिवस वाईट गेले. हे म्हणाले, "आधी नुसतं मन बिघडलं होतं, आता पोटही बिघडलं." कागदावर लिहिलेलं होतं म्हणूनच तग धरला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी हे उठून स्वतःच चहा ठेवायला गेले. मोठं काही नाही, चहा. पण स्टोव्हवरच्या भांड्याचा आवाज ऐकून आम्हाला रडू आलं. मार्चपर्यंत झोप आली, जेवण आलं. एप्रिलमध्ये हे विहाराच्या रंगरंगोटीच्या कामालाही आले होते.

आणि मग १८ मे २०१९, बुद्धपौर्णिमा. पंचशील घेताना पाचव्या शीलाशी हे अडखळले. घरी आल्यावर म्हणाले, "मन बदलणारी गोळी खायची आणि मादक पदार्थ घेणार नाही असं म्हणायचं, हे खोटं नाही का?" आम्हालाही उत्तर सुचलं नाही. बरं तर वाटतच होतं. उरलेलं पाकीट कपाटात टाकलं. एका दिवसात, एकदम बंद.

तिसऱ्या दिवसापासून चक्कर. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं. रात्री भडक स्वप्नं. नातवाच्या साध्या आवाजावर चिडणं, आणि मग स्वतःच रडणं. आम्ही दोघांनी मिळून निष्कर्ष काढला की गोळीचं व्यसन लागलं होतं, बरं झालं सोडली. दारू सोडताना हात थरथरतात तसंच हे, सोसायचं. दोन-तीन आठवड्यांत ते सगळं ओसरलं. आम्ही जिंकलो असं आम्हाला वाटलं. जून-जुलै चांगले गेले. ऑगस्टमध्ये पहाटे तीनची जाग परत आली. जेवण सुटलं. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू होतं आणि हे घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले.

सप्टेंबरमध्ये पुन्हा पुण्याला गेलो, मान खाली घालून. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. गोळी थांबवल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे गोळी सुटल्याचा त्रास. तो बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. त्यात चक्कर, झटके, मळमळ, स्वप्नं अशी मूळ आजारात नसलेली लक्षणं असतात, आणि गोळी परत सुरू केली की बहुधा लवकर शमतो. दुसरी म्हणजे आजारच परत येणं. तो बहुतेक वेळा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दबकत येतो, जुनीच लक्षणं घेऊन. मे महिन्यात झाला तो पहिला प्रकार, ऑगस्टमध्ये झाला तो दुसरा. आम्ही पहिल्याला व्यसन समजलो आणि दुसऱ्याला नशीब.

व्यसन का नाही? व्यसनात माणसाला पदार्थाची ओढ लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, त्यासाठी तो घरातली भांडी विकतो. ह्या गोळीची ओढ कोणाला लागत नाही, उलट लोक ती घ्यायलाच विसरतात. मात्र शरीर तिच्याशी जुळवून घेतं, आणि एकदम काढून घेतली की शरीराचा तोल जातो. हे खरं आहे आणि ते लपवू नये. पूर्वी डॉक्टर लोक सांगत की हा त्रास सौम्य असतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत संपतो. अनेक रुग्णांचा अनुभव तसा नव्हता. इंग्लंडमधल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली आपलं मत बदललं, काहींना त्रास जास्त आणि दीर्घकाळ होतो हे मान्य केलं, आणि २०२० साली गोळी हळूहळू कशी थांबवावी याची माहिती लोकांसाठी काढली. रुग्ण बोलले म्हणून हे झालं.

पाचव्या शीलाचा प्रश्न आम्ही त्या वर्षी एका भन्तेंना विचारला. त्यांनी उलट विचारलं, "भिक्खूच्या चार गरजा कोणत्या?" चीवर, भोजन, निवारा आणि चौथी गरज आजारपणातलं औषध. विनयामध्ये औषधांवर एक स्वतंत्र भागच आहे. पाचवं शील आहे ते बेसावध करणाऱ्या नशेबद्दल. जी गोळी माणसाला अंथरुणातून उठवून वंदनेला आणते ती बेसावध करते की सावध? मग त्यांनी जीवकाची गोष्ट सांगितली. भगवंतांना रेचक द्यायची वेळ आली तेव्हा जीवकाने जहाल औषध दिलं नाही. आधी काही दिवस शरीराला तेलाने स्निग्ध करायला सांगितलं, मग कमळांना औषध लावून ते हुंगायला दिलं, तेही तीन वेळा विभागून. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा वैद्यसुद्धा शरीराला तयार करून, टप्प्याटप्प्याने चालत होता. ही गोष्ट मे महिन्यात आठवली असती तर!

मग हे औषध आलं कुठून, असा प्रश्न आम्हाला पडला. मुलाने वाचून सांगितलं ते थोडक्यात सांगतो. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात क्षयाचं नवं औषध देताना दिसलं की खंगलेले रोगी हसू-बोलू लागले. त्यातून नैराश्यावरचं एक औषध मिळालं. दुसरा धागा आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि ते औषध जगभर गेलं. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की सर्पगंधेवरच्या काही रुग्णांचं मन खचतं, आणि औषध थांबवल्यावर बरेच जण सावरतात. त्यातून मेंदूतल्या रसायनांचा विचार सुरू झाला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला परवानगी मिळाली, आणि नंतर आमची गोळी ज्या जातीची आहे त्या गोळ्या जगभर पसरल्या.

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य येतं असं सोपं करून सांगत, पण ते इतकं सोपं नाही." २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी जुनी सगळी संशोधनं तपासून हेच म्हटलं. याचा अर्थ गोळी निरुपयोगी असा नाही. २०१८ साली २१ औषधांची तुलना झाली तेव्हा सगळीच नुसत्या खडूच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फरक अफाट नव्हता. म्हणून सौम्य नैराश्यात आधी बोलण्याचे उपचार, चालणं, झोपेची शिस्त. मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळी, आणि शक्य असेल तर दोन्ही मिळून. फासळी मोडलेल्याला कोणी फक्त व्यायाम सांगत नाही, आणि पाय मुरगळलेल्याला कोणी प्लास्टर घालत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये गोळी पुन्हा सुरू झाली. जानेवारी २०२० पर्यंत हे पुरते सावरले. आता आम्ही शहाणे झालो होतो. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. तुमचं एकदा उलटलं आहे, आपण वर्षभर ठेवू. ज्यांना पुन्हा पुन्हा येतं त्यांना दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल बंद झाली, आणि घरात सहा गोळ्या उरल्या. तेव्हाची धावपळ आम्ही विसरणार नाही. डॉक्टरांनी फोनवर चिठ्ठी दिली, मुलाने औषध मिळवलं. तेव्हापासून पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवतो. दरड कोसळून घाट बंद पडतो हे आपल्याला नवं नाही.

फेब्रुवारी २०२१ पासून उतरायला सुरुवात केली. इथं ह्यांना त्यांच्या घाटाची भाषा आठवली, आणि तेवढं त्यांच्याच तोंडून ऐका असं आम्ही म्हणालो. हे म्हणाले:

"कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिन लागतं, आपण बँकर म्हणतो ते. गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलून आणायची आणि इथं इंजिन सुटायचं. त्या गाडीला कोणी म्हणतं का, की तुला इंजिनाचं व्यसन लागलं? चढ होता, मदत लागली. आणि खाली उतरताना? मंकी हिलला गाडी उभी राहते, ठाकूरवाडीला उभी राहते. ब्रेक बघतात आणि मगच पुढे सोडतात. प्रवासी चिडतात, गाडी उगाच थांबवली म्हणून. मी तीस वर्षं तो घाट बघितला. उगाच काही थांबवत नाहीत."

आमचं उतरणं असं झालं. १० वरून साडेसात, म्हणजे ५ ची एक आणि अर्धी. महिनाभर थांबलो, वहीत रोज झोप, भूक, चक्कर लिहिली. मग ५. तेवढ्यात एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली, वस्तीत रोज कोणाची तरी बातमी. डॉक्टर म्हणाले, अशा दिवसांत उतरायचं नाही, आहे तिथंच थांबा. दोन-अडीच महिने थांबलो. मग अडीच. तिथून शून्यावर यायला आम्हाला वाटलं एक उडी पुरे, पण शेवटची पायरीच सगळ्यात उंच निघाली. त्याला कारण आहे. १० वरून ५ वर येताना मेंदूवरचा परिणाम थोडाच कमी होतो, पण अडीचवरून शून्यावर येताना तो खूप कमी होतो. २०१९ साली लंडनच्या डॉक्टरांनी हे आकडेवारीनिशी मांडलं. म्हणून खाली आल्यावर टप्पे आणखी बारीक हवेत. आम्ही डॉक्टरांना विचारून पाव गोळीवर दीड महिना काढला. एक दिवसाआड गोळी घ्यायचा सल्ला शेजारून मिळाला होता, तोही डॉक्टरांनी मोडून काढला. आमच्या गोळीचं निम्मं औषध तीस तासांच्या आसपास अंगातून जातं, मग दिवसाआड घेतली तर रोजच चढ-उतार. डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचा तुकडा घेतला. थोडी चक्कर आली, पंधरा दिवसांत गेली. त्यानंतर वर्षभर दर दोन महिन्यांनी दाखवून येत होतो.

आज ह्यांची गोळी बंद आहे म्हणून आम्ही टाळ्या मागत नाही. आमच्या नात्यातली एक बाई अनेक वर्षं गोळीवर आहे, तीनदा थांबवून बघितली, तीनदा आजार परत आला. ती नोकरी करते, मुलं शिकवते. तिची गोळी चालू आहे हे तिचं अपयश नाही. रक्तदाबाच्या गोळीला कोणी अपयश म्हणत नाही.

आता वस्तीतल्या कुटुंबांसाठी चार कामाच्या गोष्टी.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना ही गोळी सुरू केली असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ राहावं. या वयात काहींना सुरुवातीला बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कोणी गोळीनंतर झोपेशिवाय नाचू लागला, पैसे उधळू लागला, तर तो बरा झाला असं समजू नका, तेही दाखवा. काहींचा आजार दुहेरी असतो.

पती-पत्नीच्या जवळिकीवरही या गोळ्यांचा परिणाम होतो. त्या लाजेपायी कित्येक जण न सांगता गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

शिबिराला बसायचं म्हणून गोळी बंद करू नका. ध्यान चांगलं आहे, आपल्या लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधामात योगाचं काम चालतं तेही चांगलं आहे. पण फॉर्म भरताना आजार आणि औषध लपवू नका, आणि ध्यानाला औषधाची जागा देऊ नका.

आणि पैशाची अडचण असेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, पुणे स्टेशनवरून चालत जाता येतं. येरवड्याला बाहेरच्या रुग्णांनाही तपासतात, दाखल व्हावं लागत नाही. टेलिमानस हा सरकारी फोन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलतात. हा नंबर विहाराच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा अशी आमची समितीला विनंती आहे.

शेवटी एक गोष्ट कबूल करायची आहे. मे २०१९ मध्ये ह्यांनी गोळी टाकली तेव्हा आम्ही दोघंच घरात कुजबुजत निर्णय घेत होतो. गोळी घेतो हे कोणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे थांबवू का हे विचारायलाही कोणी नव्हतं. इथं बसलेल्यांपैकी एकाला जरी तेव्हा ठाऊक असतं, तर त्याने म्हटलं असतं, "अहो, आधी डॉक्टरांना विचारा." तो एक ऑगस्ट वाचला असता. गोळी सुरू करताना माणसं हवीत आणि थांबवतानाही हवीत. विहाराला पंचवीस वर्षं झाली, पण आम्ही हे इथं सांगायला इतकी वर्षं घेतली. तुम्ही घेऊ नका. ज्याला सांगायचं असेल त्याने आमच्या घरी यावं. हे चहा ठेवतील.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय. जयभीम.